मौनाचा परवाना

देहू-आळंदीच्या पट्ट्यात इंद्रायणीकाठी हातभट्टीवर छापा पडतो, रसायन ओतले जाते आणि काही दिवसांत पिंपे पुन्हा भरतात. दारूबंदी कायदा १९४९चा आहे, त्यामुळे उणीव कायद्याची नाही. भट्टीला लागणारा काळा गूळ, नवसागर, सरपण आणि आडबाजूची जागा गावाच्या नजरेआड जमवता येत नाही. परवानाधारक दुकान नको असेल, तर एक चतुर्थांश महिला मतदार मतदान मागू शकतात, आणि पुरेशी मते पडली तर बाटली आडवी होऊन दुकान बंद होते. हातभट्टीला परवानाच नसल्याने तिच्याविरुद्ध मतदानही नाही, आणि गावाचे मौन हाच तिचा परवाना ठरतो. ‘गरिबाचे पोट चालते’ हा बचाव अगदीच खोटा नाही. भट्टी सोडणाऱ्याला चाकणच्या कारखान्यांत काम मिळालेच पाहिजे. पण पिणाऱ्या मजुराच्या घरची पोटे त्या हिशेबात कुणी धरत नाही. ‘आमची दारू शुद्ध’ म्हणणाऱ्यांनी २०१५चे मुंबईतील मालवणी आठवावे: मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे १००हून अधिक माणसे गेली. म्हणून पोलिसांना बोल लावण्याआधी गावाने जागा देणाऱ्याला आणि गूळ पुरवणाऱ्याला ग्रामसभेत, नगरपंचायतीत उघड जाब विचारावा.