एकशे सहा टक्के ऑक्सिजन

3 फेब्रुवारी 2020. हिंगणघाटच्या चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून दिलं गेलं. तिला नागपूरला हलवलं, आणि मग टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, चहाच्या टपरीवर एकच मागणी सुरू झाली. एअर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, मुंबईला न्या! शेवटी झालं उलटंच. नवी मुंबईच्या नॅशनल बर्न्स सेंटरचे डॉक्टर नागपूरला आले. 10 तारखेला ती गेली. "हलवलं असतं तर वाचली असती" असं म्हणणारे लोक मला आजही भेटतात. चांगले शिकलेले, चांगल्या पगाराचे, आपल्यातलेच.

आज भांडण आहे ते या वाक्याशी.

आपल्या डोक्यात एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे उडणारं आयसीयू. कंपन्यांच्या जाहिरातींत अगदी हेच शब्द असतात. प्रत्यक्षात ती एक अरुंद खोली असते, आणि पेशंटसकट ती डोंगरावर नेऊन ठेवलेली असते. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीइतका नसतो. विमान उंच गेलं की आतला दाब साधारण 8,000 फुटांवरच्या हवेइतका होऊ शकतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, 5,400 फूट. म्हणजे आपण व्हेंटिलेटरवरचा माणूस कळसूबाईच्याही बराच वर नेऊन ठेवतोय. तुमच्याआमच्यासारख्या धडधाकट माणसाला तिथे काही होत नाही, आपण सँडविच खात खिडकीतून ढग बघतो. पण त्याचं काय?

थोडं गणित करू या, शनिवारच आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. तिथे पेशंटला 50 टक्के ऑक्सिजन लागत असेल, तर 8,000 फुटांवर तेवढाच परिणाम मिळवायला साधारण 66 टक्के लागतो. ठीक, नॉब फिरवला. आता नागपुरातच 80 टक्के लागणारा पेशंट घ्या. त्याचं उत्तर येतं 106. एकशे सहा टक्के ऑक्सिजन जगातल्या कुठल्याही सिलिंडरमध्ये नसतो. मार्ग आहे, पायलटला खालून उडायला सांगायचं, म्हणजे केबिनमधला दाब जास्त राहील. पण मग इंधन जास्त जातं, वेळ वाढतो, हेलकावे जास्त बसतात. हे उड्डाणाआधी ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला हा हिशेब करता येणारा माणूस टीममध्ये लागतो.

सिलिंडरचंही तसंच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 15 लिटर दिला तर शंभर मिनिटांत संपला. छोट्या टर्बोप्रॉपला नागपूर ते दिल्ली दोनेक तास लागतात. आणि वर्धेत विमानतळ नाही. सेवाग्राम किंवा सावंगीहून आधी गाडीने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, मग दिल्लीत उतरल्यावर ट्रॅफिक. दोन तासांचा प्रवास प्रत्यक्षात पाच तासांचा, पण किती मोजणारे दारापासून दारापर्यंत मोजतात?

दुसरी गंमत (गंमत कसली!) म्हणजे वर गेल्यावर बंद जागेतली हवा फुगते. जवळजवळ एक तृतीयांशाने. अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाबाहेर थोडी हवा अडकलेली असेल, तर जमिनीवर निवांत वाटणारा पेशंट वर गेल्यावर गुदमरतो. नळी घालून ती हवा आधी काढायची असते, विमानात चढवल्यावर नाही. श्वासनळीत घातलेल्या ट्यूबचा फुगाही फुगतो आणि आतून नळीला दाबतो. जळालेल्या पेशंटची श्वासनळी आधीच सुजलेली असू शकते. "हलवलं असतं तर" म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी वाचावं.

हेलिकॉप्टर खालून उडतं, त्यामुळे तिथे दाबाचा त्रास कमी. पण आवाज इतका की स्टेथोस्कोप गळ्यात नुसता दागिना. आणि जमिनीवरचं काय? शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं की अख्खं गाव धावतं. मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही, म्हणून शेपटीकडून कधीही जायचं नाही. पायलटने खूण केल्याशिवाय पुढूनही नाही. स्ट्रेचरवरची चादर बांधलेली हवी, नाहीतर ती थेट पात्यांत. हे कोणी शिकवलंय आपल्याकडे? समृद्धीवर मोठा अपघात झाला की "हेलिकॉप्टर का नाही?" हा चॅनेलवाल्यांचा ठरलेला प्रश्न. त्यात बसणारी नर्स कुठे शिकली, हे कोणी विचारत नाही.

कारण पेशंटशिवाय आत आणखी माणसं असतात हो! 25 मे 2011 ला पाटण्याहून दिल्लीला पेशंट नेणारं विमान फरिदाबादला घरांवर कोसळलं. विमानातले सातही गेले, जमिनीवरचे तिघं गेले. 6 मे 2021 ला तर आपल्या नागपूरहूनच उडालेल्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं एक चाक धावपट्टीवरच गळून पडलं. पायलटने मुंबईला फेस मारलेल्या धावपट्टीवर विमान पोटावर उतरवलं. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, दोघं वैमानिक, पाचही जण सुखरूप. अशा वेळी आत मॉनिटर आणि सिलिंडर पट्ट्यांनी बांधलेले नसतील, तर तेच माणसांवर येऊन आदळतात.

अमेरिकेत 2008 साली मेडिकल हेलिकॉप्टरच्या अपघातांत 29 माणसं मेली, तेव्हा तिथे आरडाओरड झाली. तिकडे बऱ्याच ठिकाणी एक पद्धत आहे, मला भयंकर आवडलेली. पेशंट कोण, किती गंभीर, लहान मूल आहे का, हे पायलटला सांगतच नाहीत. त्याने फक्त हवामान आणि मशीन बघून हो किंवा नाही म्हणायचं. आणि टीममधला कोणीही, अगदी सर्वात ज्युनियर नर्ससुद्धा, नाही म्हणाली की उड्डाण रद्द. कारण विचारायचं नाही. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळचा रिलीज थांबवायला टेस्टरला तीन मॅनेजरांची मनधरणी करावी लागते, आणि तिथे फार तर एक वेबसाइट पडते! आता कल्पना करा, मंत्र्याचा फोन आलाय, कॅमेरे लागलेत, बाप हात जोडून उभा आहे. अशा वेळी "आज नाही" म्हणायची ताकद कोणाला आहे?

ही ताकद प्रशिक्षणातून येते. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला छान वाटतं, आपण हुशार झालोत असं वाटतं. 25,000 फुटांवर केबिनचा दाब गेला तर भानावर काम करायला तीन ते पाच मिनिटं मिळतात. ज्या डॉक्टरने आधी पेशंटचा मास्क बघितला तो स्वतःच आडवा होतो, मग पेशंटला कोण बघणार? बंगळुरूला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये दाब कमी करता येणारी बंद खोली आहे. वैमानिकांना त्यात बसवून हे अंगावर अनुभवायला लावतात.

तर पालकमंत्री साहेब, पुढच्या हेलिपॅडचा नारळ फोडायच्या आधी वर्ध्यातल्या 108 च्या आणि हॉस्पिटलांच्या वीस डॉक्टर-नर्सना त्या खोलीत अर्धा तास बसवून आणा. रेल्वेचं तिकीट मी काढतो.