‘अवॉर्ड’ आणि ‘रिवॉर्ड’

‘अवॉर्ड’ आणि ‘रिवॉर्ड’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना ‘बक्षीस’ म्हणून आपण मोकळे होतो. आम्हीही ही चूक पुष्कळदा केली आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील ‘पाहणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून दोन्ही शब्द निघाले. तथापि पुढे त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या.

‘अवॉर्ड’ म्हणजे पारखून, तोलून दिलेला निर्णय. म्हणूनच म्हादई नदीच्या पाण्याविषयी लवादाने २०१८ साली दिलेल्या निवाड्यासही ‘अवॉर्ड’ म्हणतात. तेथे बक्षिसाचा संबंध नाही. परीक्षकांनी निवडलेल्या ग्रंथास मिळणारा पुरस्कार तोही ‘अवॉर्ड’च.

‘रिवॉर्ड’ ही मात्र केलेल्या कामाची परतफेड होय. हरवलेली गाय शोधून आणणाऱ्यास धनी जे देतो, ते ‘रिवॉर्ड’. त्यास ना स्पर्धा लागते, ना परीक्षक.

घरी हा भेद विशेष ध्यानी ठेवावा. निबंधात पहिल्या आलेल्या मुलीचा शाळेत गौरव होतो. आजीच्या उशाशी रोज पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या धाकट्यासाठी कोठेच स्पर्धा नसते. त्याला ‘अवॉर्ड’ मिळणार नाही. ‘रिवॉर्ड’ देणे मात्र आपल्याच हाती आहे. आणि पुष्कळदा त्यास एक गोड शब्दही पुरतो.