‘हॅक झालं!’ म्हणण्याआधी

आपल्या होस्टेलमध्ये आठवड्यातून एकदा तरी आरोळी ऐकू येते, “अबे, माझी आयडी हॅक झाली!” मागच्या सेमिस्टरला ही आरोळी मीच ठोकली होती. नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा कळलं, की माझी आयडी कुणी हॅक केलीच नव्हती. मीच ती देऊन टाकली होती.

झालं असं, की ‘बीजीएमआय’मध्ये फुकट यूसी मिळणार म्हणून ग्रुपवर लिंक आली. पान अगदी खऱ्यासारखं. मी पासवर्ड टाकला, वर ओटीपीपण टाकला. सकाळी लॉगिन होईना! याला म्हणतात फिशिंग. गंगाखेडला गोदावरीत गळ टाकणारा माणूस माशाच्या मागे पाण्यात उडी मारत नाही. तो आमिष लावून बसतो. मासा आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, येतो. तो मासा मी होतो.

हॅकिंग म्हणजे घरफोडी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. खातेदारांनी कुठे ओटीपी टाकला नव्हता की कुणाला पासवर्ड सांगितला नव्हता. कुलूपच फोडलं गेलं होतं.

आणि स्कॅम? त्यात ना कुलूप फुटतं, ना किल्ली चोरीला जाते. आपणच खिशातून पैसे काढून देतो. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने २०२३ मध्ये तक्रार दिली, की ऑनलाइन गेमिंगच्या ॲपवर आपले सुमारे ५८ कोटी गेले. ते ॲपच बनावट होतं, असा आरोप आहे. आपल्याकडचं उदाहरण लहान आहे. एका ज्युनिअरने भारी स्किन्सवाली आयडी घ्यायला मेसचे ३,५०० रुपये यूपीआयने पाठवले. समोरच्याने लगेच ब्लॉक केलं.

तुम्ही म्हणाल, नाव काहीही द्या, नुकसान तेच ना? नाही. नावावरून उपाय ठरतो. फिशिंग असेल तर आधी पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. पैसे गेले असतील तर नुसता पासवर्ड बदलून काय होणार? ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढे सरकायच्या आत कळलं, तर ते रोखता येण्याची शक्यता असते.

त्या ज्युनिअरने मात्र चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. कारण एकच, लाज. सगळे हसतील, घरी कळलं तर मार बसेल, सर म्हणतील “कशाला खेळता असले गेम?” त्या चार दिवसांत पैसे कुठच्या कुठे गेले.

माझं स्पष्ट मत आहे, की ‘हॅक झालं’ हा शब्द आपण लाज झाकायला वापरतो. हॅक म्हटलं की आपली चूक नाही! पण वर्कशॉपमध्ये “मशीन बंद पडली” एवढंच सांगून चालतं का? फॉल्ट कुठे आहे, ते सांगावंच लागतं.

म्हणून मित्रांनो, खरं काय झालं ते सांगा, आणि लगेच सांगा. आणि सरांना, रेक्टरसाहेबांना नम्र विनंती: रागवायचं ते नंतर रागवा, आधी १९३० लावून द्या!