दारातील मोटार आणि धन्याची पत

हल्ली आपल्या औसा तालुक्यात कोणत्याही गावी जा, दारात उभ्या असलेल्या वाहनावरून घरधन्याची पत तत्काळ ठरविली जाते. पांढरी स्कॉर्पिओ दिसली की हा पुढारी असावा, बोलेरो दिसली की कंत्राटदार, लहानशी अल्टो असेल तर घरात कोणी गुरुजी आहेत. मागच्या काचेवर ठळक अक्षरांत नाव घातलेली आणि क्रमांकातील ४१४१ हे आकडे ‘दादा’ असे वाचता यावेत अशा बेताने वळविलेली गाडी भरधाव गेली, तर चालविणारा कोण हे विचारण्याचीही गरज उरत नाही. स्प्लेंडर फटफटीवाल्याविषयी मात्र कोणी अनुमान करीत नाही, कारण ती सर्वांपाशी आहे. ही अनुमाने करमणुकीची असतात व क्वचित खरीही ठरतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या अनुमानावर सोयरिकी जुळतात व मोडतात, उसनवार मिळते वा नाकारली जाते, आणि आता तर सरकारी साहाय्यही थांबू शकते, त्याचा विचार शेतकऱ्याने थट्टेवारी नेऊन चालणार नाही.

वाहनावरून माणूस ओळखण्याची ही खोड नवी नव्हे. वाडवडिलांच्या काळी दारात दमणी असणे हे मातबरीचे लक्षण समजले जाई, आणि तिला जुंपलेली देवणी किंवा लाल कंधारी जोडी पाहून पाहुणा घराची परीक्षा करी. आमच्या मते ती परीक्षा बरीच खरी होती. बैलाची कांती, त्याचा खांदा, त्याचे खूर ही धन्याच्या रोजच्या वागणुकीची साक्ष देत. ज्या घरी कडब्याची गंजी नाही त्या घरचा बैल पोळ्याच्या दिवशी कितीही रंगविला, तरी त्याच्या बरगड्या लपत नसत. शिवाय बहुतेकांच्या घरी जी जोडी जत्रेला गाडी ओढी, तीच दुसऱ्या दिवशी शेतात पाळी घाली. मोटारीची चकाकी यांपैकी काहीच सांगत नाही. ती कारखान्यातून येते, आणि पुष्कळदा परक्याच्या पैशाने येते.

मग मोठ्या, उंच गाडीलाच एवढा मान का? याचे कारण आम्हास असे दिसते की, खेड्यात मोटार प्रथम आली ती अंमलदाराला घेऊन. महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईस सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे जीप म्हणजे तहसीलदार, फौजदार किंवा मते मागावयास आलेला उमेदवार असेच समीकरण राहिले. २००० साली बोलेरो व २००२ साली स्कॉर्पिओ त्याच घराण्यातून निघाल्या, तेव्हा तो जुना रुबाब त्यांच्याकडे वारशाने आला. अर्थात आपल्या पाणंदीतून पावसाळ्यात उंच गाडीच चालते, ही गोष्टही खरी. पण जे रोज औसा-लातूर या रुंद डांबरी रस्त्यानेच ये-जा करतात, त्यांनी तरी पाणंदीची सबब सांगू नये.

याच्या उलट उदाहरण नॅनोचे. स्कूटरवरून पावसात भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना जी कल्पना सुचली, तिच्यातून २००९ साली ही गाडी बाजारात आली. तिच्यात चार माणसे कोरडी बसत आणि तिची किंमत मध्यम कुटुंबाच्या आवाक्यात होती. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच तिला बाधली, आणि तशी ओळख करून देणे ही चूक झाली असे टाटांनीही पुढे बोलून दाखविले. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या अपयशाची इतर कारणेही होती. तथापि स्वस्त गाडीत बसलो तर लोक आपणासही स्वस्त समजतील, हे भय मोठे होते यात शंका नाही.

हेच भय आपल्याकडे हप्त्यांच्या रूपाने फिरत आहे. मुलीचा बाप स्थळ पाहावयास येतो तो सातबारा मागतो खरा, पण सातबाऱ्यावरील बोजा वाचण्याआधी त्याची दृष्टी अंगणात जाते. म्हणून मुलाचा बाप लग्नसराईच्या अगोदर मोटार उभी करतो. आता हिशेब पाहा. महिना १२,००० रुपयांचा हप्ता धरला तर वर्षाचे १,४४,००० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने २७ क्विंटल सोयाबीन केवळ हप्त्यास लागते; आणि हमीभाव बाजारात प्रत्यक्ष पदरात पडतो किती जणांच्या, हे वाचकांस सांगणे नको. कोरडवाहूत एकरी आठ क्विंटल उतारा धरला तरी साडेतीन एकरांचे सर्व पीक, बी-खत-मजुरी न वजा करता, दारातील गाडीने खाल्ले. डिझेल व विमा निराळा. शिवाय सोयाबीन दसरा-दिवाळीस, तूर-हरभरा त्यानंतर, असा आपला पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. हप्ता मात्र दरमहा येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हाही तो थांबला नाही. ट्रॅक्टरचे कर्ज शेतीकर्जात मोडते, मोटारीचे मोडत नाही, हेही पुष्कळांस सही केल्यावर कळते.

सामान्य लोकांनी दारातील गाडीवरून घर जोखावे हे समजण्यासारखे आहे. सरकारनेही तेच माप घेतले, हा मात्र आमच्या तक्रारीचा विषय आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले, तेव्हा कुटुंबात चारचाकी असल्यास स्त्री अपात्र, अशी अट घातली गेली. ट्रॅक्टर त्यातून वगळला, हे योग्यच झाले. पाच एकरांहून अधिक जमिनीची अटही आरंभी होती. ती लवकरच काढून टाकली, मोटारीची मात्र ठेविली. म्हणजे वीस एकर बागायतीची धनीण, कागदोपत्री उत्पन्न अडीच लाखांच्या आत दाखविता आले तर, पात्र. आणि आजारी सासूला लातूरच्या दवाखान्यात नेता यावे म्हणून लाखाच्या आत जुनी मारुती घेतलेल्या तीन एकरवाल्याची बायको अपात्र. सरकारला लाखो अर्ज थोडक्यात निवडावयाचे असतात, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु गाडीचे वय व किंमत नोंदणीपुस्तकातून काढणे मुळीच अवघड नाही. पंधरा वर्षांची जुनी गाडी आणि कालची फॉर्च्युनर यांस एका तराजूत घालणे हा आळस होय.

या संबंधात एक सूचना करतो. आपल्याकडे जुनी गाडी विकताना पैसे मोजून घेतले, किल्ली दिली की व्यवहार झाला असे मानतात. शासकीय दप्तरात ती तशीच पहिल्या मालकाच्या नावावर राहते. २०२५ च्या आरंभी चारचाकीच्या नोंदी ताडून पाहण्याचे काम निघाले, ते याच दप्तरावरून. शिवाय २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, अपघात झाल्यास नुकसानभरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल, गाडी पुढे कितीही हात बदललेली असो. करिता ज्यांनी आपली गाडी विकली असेल त्यांनी नमुना २९ व नमुना ३० भरून लातूरच्या परिवहन कार्यालयात नाव उतरविले गेले की नाही, याची येत्या पंधरवड्यातच खात्री करून घ्यावी.