अखिसारचा ताळेबंद

१० मे २०१८ रोजी दियारबाकिरला तुर्की चषकाची अंतिम लढत झाली आणि अखिसारने फेनरबाहचेला ३-२ असं हरवलं. फेनरबाहचे म्हणजे १९०७ सालचा, इस्तंबूलचा, देशभर चाहते असलेला क्लब. अखिसार म्हणजे मनिसा प्रांतातलं लाख-सव्वा लाख वस्तीचं तालुक्याचं गाव. उपांत्य फेरीत याच गावाने इस्तंबूलच्याच बलाढ्य गलातासरायला बाहेर काढलं होतं. ५ ऑगस्टला कोन्यामध्ये पुन्हा गलातासरायलाच पेनल्टींवर हरवून त्यांनी सुपर चषकही नेला. आणि पुढच्याच वर्षी क्लब सुपर लीगमधून खाली आला. २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही गेला. घसरण तिथेही थांबली नाही.

झेपत नव्हतं तर उडी मारायची कशाला, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. मी नगरपालिकेच्या लेखा विभागात उभा जन्म काढलाय. एखादी संस्था बुडाली की तिच्या महत्त्वाकांक्षेला दोष देणं सगळ्यात सोपं असतं. जमेची बाजू कोणी ठरवली आणि नियम कोणी लिहिले, हे कोणी विचारत नाही.

अखिसार ही पालिकेचीच गोष्ट आहे, म्हणून मला ती जवळची वाटते. १९७० साली स्थापन झालेला हा क्लब कित्येक वर्षं ‘अखिसार बेलेदियेस्पोर’ या नावाने, म्हणजे नगरपालिकेचा क्लब म्हणून खेळला. हमझा हमझाओलू या प्रशिक्षकाच्या हाताखाली २०१२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून तो सुपर लीगमध्ये पोचला. त्या श्रेणीच्या नियमांत बसणारं स्टेडियम गावात नव्हतं, तेव्हा घरचे सामनेही पन्नासेक किलोमीटरवरच्या मनिसात व्हायचे. पहिल्याच हंगामात संघ तळाला रुतला होता. मग थेओफानिस गेकास हा ग्रीक स्ट्रायकर आला. २००६-०७ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलिगात सर्वाधिक गोल करणारा हाच खेळाडू. हंगामाच्या उत्तरार्धात त्याने गोलमागून गोल केले आणि संघ तरला. एका ग्रीक माणसाला एजियन भागातल्या तुर्की गावाने डोक्यावर घेतलं. दोन देशांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

मुलगी इझ्मिरला नोकरीला असल्याने मला अखिसार पाहता आलं. बास्माने स्टेशनातून बांदिर्माकडे जाणारी गाडी अखिसारला थांबते. मनिसा मागे पडली की खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडं सुरू होतात ती संपतच नाहीत. पूर्वी हे गाव तंबाखूचं होतं, आता ऑलिव्हचं आहे. बाजारातल्या एका दुकानात खारवलेल्या ऑलिव्हची पिंपं ओळीने मांडली होती. दोमात जातीचे टपोरे हिरवे, उस्लू जातीचे मऊ काळे. दोन्ही जाती याच भागातल्या. क्लबचे रंगही हिरवा आणि काळाच. गल्ल्यामागे त्याच रंगांचा एक मफलर खिळ्याला टांगलेला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे दुकानदाराच्या लक्षात आलं आणि ऑलिव्ह विकायचे सोडून तो बोलायला लागला. मुलगी भाषांतर करत होती. दियारबाकिर तिथून हजार किलोमीटरहून कितीतरी लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला. हा गृहस्थ थोरल्या मुलाला घेऊन बसने अंतिम सामन्याला गेला होता. सामन्याबद्दल तो भरभरून बोलला. क्लबचं आता कसं चाललंय, असं विचारल्यावर त्याने काळ्या ऑलिव्हचा डाव उचलून माझ्या हातावर चार ऑलिव्ह ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गाव हौशी आहे, आणि त्या हौसेचा मला आदर वाटतो. हिशेब वेगळ्याच ठिकाणी चुकतो.

सुपर चषक ५ ऑगस्टला आला. १० ऑगस्टला, शुक्रवारी, तुर्की लिरा एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. तुर्की फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडूंचे करार सर्रास युरोत होतात. तिकिटं, गावातल्या जाहिराती, पालिकेची मदत, हे सगळं लिरात येतं. मोठ्या क्लबांनाही हा फटका बसला, पण त्यांची गोष्ट पुढे निराळी झाली. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉल महासंघ आणि बँक संघटना यांनी क्लबांच्या कर्जांच्या फेररचनेची योजना जाहीर केली आणि यथावकाश देशातल्या चार सर्वांत मोठ्या क्लबांनी बँकांशी करार करून हप्ते लांबवून घेतले. बँक मोठ्या कर्जदाराला बुडू देत नाही, कारण त्याच्याबरोबर तीही बुडते. अखिसारएवढ्या क्लबासाठी कोणाची झोप उडणार?

त्यात युरोपची वारी. चषक जिंकल्यामुळे २०१८-१९ मध्ये अखिसार युरोपा लीगच्या गटात थेट दाखल झाला. समोर सेव्हिया, क्रास्नोदार आणि स्टँडर्ड लिएज. सहा सामन्यांत एक गुण मिळाला. सेव्हियात सहा गोलांनी हार झाली, घरच्या सामन्यात मात्र त्याच संघाला त्यांनी ३-२ पर्यंत झुंजवलं. गटात नुसतं खेळण्याचे २९ लाख युरोंहून थोडे अधिक मिळायचे. लहान क्लबाला ही मोठी रक्कम, पण ती एकदाच येणारी. गुरुवारी युरोपात आणि रविवारी लीगमध्ये खेळायचं तर संघ मोठा लागतो, आणि मोठ्या संघाचे करार दोन-तीन वर्षांचे असतात. आमच्याकडे एकरकमी अनुदानातून कायम खर्चाची पदं भरायची नाहीत, हे कारकुनालाही पहिल्या वर्षी शिकवतात. तरी भरतात, आणि पाच वर्षांनी पगार कुठून द्यायचे म्हणून सगळे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायचे. फुटबॉलमध्ये पाच वर्षंही मिळत नाहीत. एक हंगाम वाईट गेला की प्रक्षेपणाचं उत्पन्न आटतं, करार मात्र तसेच उभे राहतात.

प्रक्षेपणाच्या पैशांची वाटणी हेही माझं जुनं दुखणं आहे. तुर्कीत त्या पैशांतला एक हिस्सा पूर्वीच्या विजेतेपदांच्या संख्येवर वाटला जायचा. १९५९ पासून आजवर लीग जिंकली ती फक्त सहा क्लबांनी. म्हणजे नव्याने वर आलेल्या गावाने कितीही चांगला खेळ केला तरी त्या हिश्श्यातलं एक नाणंही त्याला मिळायचं नाही. त्या सहांमधला बुर्सास्पोर २०१० चा विजेता. तोही २०२२ मध्ये तिसऱ्या आणि २०२४ मध्ये चौथ्या श्रेणीत उतरला. बुर्सा तर तुर्कीतल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक शहरांपैकी एक. तेव्हा हा दोष फक्त छोट्या गावांच्या हिशेबाचा नाही.

एप्रिल २०२२ मध्ये तुर्की संसदेने ७४०५ क्रमांकाचा क्रीडा क्लब कायदा केला. मर्यादेबाहेर कर्ज काढणाऱ्या पदाधिकाऱ्यांना त्यात व्यक्तिशः जबाबदार धरलं आहे. मी त्याचं स्वागत करतो. आजवर अध्यक्ष यायचे, खेळाडू आणायचे, फोटो काढायचे आणि जायचे. देणी संस्थेच्या नावावर राहायची. पण अखिसारसाठी हा कायदा उशिरा आला, आणि तो पुरेसाही नाही. शिक्षा बुडाल्यानंतरची आहे. मला बुडण्याआधीची तरतूद हवी. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबाने खेळाडूंच्या निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम महासंघाकडे ठेवावी, नाहीतर नव्या खेळाडूची नोंदणी होऊ नये. खालच्या श्रेणीत गेल्यास पगार आपोआप कमी होईल, हे कलम प्रत्येक करारात सक्तीचं असावं. युरोपमधून आलेल्या रकमेचा ठरावीक भाग गावातल्या पोरांच्या अकादमीसाठीच वापरता यावा.

अखिसारला २०१८ च्या जानेवारीत स्वतःचं स्टेडियम मिळालं, जवळपास बारा हजार आसनांचं. ते बांधायला सरकारकडे पैसे होते. त्यात खेळणारा संघ टिकवण्यासाठीचे नियम लिहायला तर पैसेही लागत नाहीत.