आरोग्याची शिदोरी : बाळाच्या हृदयाला छिद्र



'बाळाच्या हृदयाला छिद्र आहे' असे डॉक्टरांनी सांगितले की घरात रडारड सुरू होते. मग बोट उठते ते सुनेकडे! ग्रहणात हिने भाजी चिरली असेल, मागल्या जन्मीचे पाप असेल, नाहीतर हिचा पायगुणच वाईट. या बोलण्याला कसलाही आधार नाही. दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळे हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. झोपडीतही आणि बंगल्यातही.

आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन व खाली दोन. उजव्या बाजूचे अशुद्ध रक्त फुप्फुसात जाते आणि डाव्या बाजूचे शुद्ध रक्त सर्व शरीरात. दोहोंच्या मध्ये पडदा असतो. पोटातील बाळाचे हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडते. त्या वेळी पडदा पूर्ण जुळला नाही तर छिद्र राहते. मग डावीकडचे शुद्ध रक्त पुन्हा उजवीकडे शिरते, फुप्फुसात जादा रक्त जाते आणि हृदयाला दुप्पट कष्ट पडतात.

असे का होते? बहुतेक वेळा कारण सापडत नाही. मात्र सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला, तिचा मधुमेह आटोक्यात नसला, दारू किंवा काही औषधे पोटात गेली, तर धोका वाढतो. मामे-आते भावंडांच्या लग्नातही तो थोडा वाढतो.

छिद्र म्हणजे मरण नव्हे. खालच्या पडद्यातील लहान छिद्रे पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. मोठ्या छिद्राची लक्षणे मात्र ओळखा. जन्मतः बाळ ठणठणीत दिसते. महिना-दीड महिन्याने दूध ओढताना धाप लागते, कपाळाला घाम फुटतो, ते मध्येच दूध सोडते. वजन वाढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो. ओठ-जीभ निळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वरच्या पडद्यातील छिद्र फसवे असते. मूल वर्षानुवर्षे चांगले हिंडते-फिरते आणि दोष कळतो तो मोठेपणी, कधी बाळंतपणात!

निदानासाठी इको तपासणी करतात. त्यात सुई नाही, वेदना नाही. काही छिद्रे मांडीतील शिरेतून नळी घालून झाकणीने बंद करतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, हृदय उघडून असे छिद्र शिवले. आज हे उपचार आपल्याकडेही होतात.

पण वेळ महत्त्वाची! मोठे छिद्र तसेच राहिले तर जादा रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड व कडक होतात. एका मर्यादेपुढे रक्त उलटे वाहू लागते, मूल निळे पडते आणि मग छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. अंगारे-ताईत आणि 'थोडी मोठी होऊ दे' यांत हीच वेळ निघून जाते. मुलीच्या बाबतीत तर 'पुढे पाहू' हे फार सहज म्हटले जाते. तिचे हृदयही तेवढेच मोलाचे आहे.

पैशाअभावी घरी बसू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारासाठी पाठवले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही अशा शस्त्रक्रिया होतात. आशाताईंना विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा, इकोचे कागद जपून ठेवा, सांगितलेल्या तारखेला तपासणीला जा. बाळाची लस चुकवू नका. दात स्वच्छ ठेवा. किडक्या दातांचे जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात.

आणि सासूबाईंनो, सुनेला बोल लावण्यात जाणारा वेळ नातवंडाच्या उपचाराला द्या!