नोकरी नव्हती, तरी हक्क आहे

“भाई, मी कुठे नोकरी केली? मला सरकार कशाला पैसे देईल?” मोहल्ल्यात फॉर्म भरून द्यायला बसलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी यंत्रमागावर हात गमावलेला असतो, कधी जरीकामात आयुष्य घालवून आता दिसेनाशी झालेली खाला असते, तर कधी जन्मापासून ऐकू न येणारी, कामाला कधी बाहेरच न पडलेली मुलगी. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. म्हणजे सरकारदरबारी आपण नाहीच, असे तिघांनीही ठरवून टाकलेले असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कामाचा पुरावा मागतच नाहीत. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, एवढ्याच मुख्य अटी. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना दीड हजारावरून अडीच हजार झाली. अर्ज तहसील कार्यालयात होतो.

ज्यांनी थोडेच दिवस नोकरी केली, तेही उगाच हात झटकून बसतात. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी जमा असली आणि नोकरीत असताना कायमचे, पूर्ण अपंगत्व आले, तर पेन्शन बसते. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी संरक्षण असते. मालक मात्र हे सांगायला येत नाही.

रमजानमध्ये या घरांत जकात पोहोचते. पोहोचलीच पाहिजे. पण जकात देऊन येणाऱ्यांपैकी कितीजण त्या माणसाला एकदा तरी तहसीलला घेऊन जातात? वर्षातून एकदाची मदत आणि दर महिन्याचा हक्क यांत फरक आहे, आणि दुसऱ्यासाठी कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत.

अर्ज अडतो तो बऱ्याचदा नावावर. आधारवर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘मो.’, दवाखान्याच्या कागदावर ‘मोहंमद’; आईचे नाव एकीकडे ‘बी’, दुसरीकडे ‘बानो’. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो: संगणकासाठी ही तीन वेगळी माणसे आहेत. यूडीआयडी कार्डाचा अर्ज करण्याआधी आधारवरचे नाव नीट करून घ्या, नंतर सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच लिहा. कंटाळवाणे काम आहे, पण घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना मोबाईलवर बरेचसे जमेल.

नावाचा घोळ आपण सोडवू शकतो. उत्पन्नाची अट मात्र सरकारनेच बदलायला हवी. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये, तेही संपूर्ण कुटुंबाचे. भिवंडीत किंवा मालेगावात एवढ्यात चार माणसांचे घर चालते, असे कोणता अधिकारी मानेल? परिणाम असा की प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि खरा आकडा लपवणारा आत जातो. त्या न ऐकू येणाऱ्या मुलीचे स्वतःचे उत्पन्न शून्य आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात, म्हणून ती अपात्र. उद्या लग्न झाले की नवऱ्याची कमाई मोजणार. प्रौढ दिव्यांग व्यक्तीची पात्रता तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठरवावी, एवढीच मागणी घेऊन आपण आमदारांकडे गेले पाहिजे. सोबत नाकारलेल्या अर्जांच्या प्रती घेऊन. त्यासाठी आधी अर्ज भरलेले हवेत.